जन्माने किंवा कायद्याने

हेदरचा फोन आला तेव्हा लोसालिनी सेइनीला भोपळा भरवत होती. सात महिन्यांची सेइनी एक घास गिळायची आणि दुसरा फुर्रकन आईच्या अंगावर उडवायची. भिंत, खुर्ची आणि लोसालिनीचा एक कान, तिन्ही पिवळे झाले होते. तिने दुसऱ्या कानाला फोन लावून खांद्याने दाबला.

"दोन मिनिटं आहेत ना?" हेदर म्हणाली. शिष्यवृत्तीच्या ट्रस्टमध्ये मुलांचे अर्ज हेदरच बघायची. नऊ वर्षांपूर्वी लोसालिनीचा अर्जही तिनेच पाहिला होता. "कालोचा अर्ज फार सुंदर आहे. मुलाखतही छान झाली. समितीतले सगळे तिच्यावर खूश आहेत."

लोसालिनीने चमचा खाली ठेवला. एवढं कौतुक आधी का करते आहे ही?

"एकच अडचण आहे. तुझं शिफारसपत्र."

ट्रस्टनेच जुन्या विद्यार्थ्यांना कळवलं होतं, तुमच्या माहितीत कुणी होतकरू मूल असेल तर त्याच्याबद्दल लिहा. सेइनी झोपली की लोसालिनी लिहायला बसायची. चार दिवसांत दोन पानं झाली होती. पहिलंच वाक्य होतं, 'कालोलाइने ही माझी धाकटी बहीण.' दुसरं कुणी असतं तर त्याने नातं झाकून लिहिलं असतं. पण ओताहुहूतल्या त्यांच्या टोंगन वस्तीत आपल्या माणसासाठी आपणच उभं राहून बोलायचं असतं. परक्याला बोलावं लागलं तर लोक विचारतात, घरची माणसं कुठे गेली होती? हे लपवायला हवं, असं तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

"आपला नियम तुला आठवत असेल," हेदर सांगत होती. "एका आईवडिलांच्या मुलांपैकी एकालाच. जास्तीत जास्त घरांपर्यंत पोचता यावं म्हणून. तुला मिळाली होती, त्यामुळे..."

"म्हणजे तिला नाही मिळणार?"

"थांब, घाबरू नकोस. मी तिचा जन्मदाखला काढून बघितला. त्यावर आईवडिलांची नावं वेगळी आहेत. ती तुझी सख्खी बहीण नाही, हो ना?"

लोसालिनी सेइनीच्या हनुवटीवरचा भोपळा चमच्याने गोळा करू लागली.

"आणि कायदेशीर दत्तकही घेतलेली नाही?"

"नाही."

"मग सुटलं की!" हेदरला मनापासून आनंद झाला होता, तो फोनमधूनही कळत होता. "दोघींनी मिळून एक प्रतिज्ञापत्र करा. एकच वाक्य लागेल. जन्माने किंवा कायद्याने आम्ही एकमेकींच्या बहिणी नाही. साक्षीदार अधिकाऱ्यासमोर सही करून पुढच्या शुक्रवारपर्यंत मला पाठवा. मी तुम्हाला मसुदा पाठवते. दहा मिनिटांचं काम आहे."

फोन ठेवल्यावर लोसालिनीने भिंत पुसली, खुर्ची पुसली, सेइनीचं तोंड पुसलं. स्वतःचा कान पुसायचा मात्र राहून गेला. दुपारी आरशात तो वाळलेला पिवळा कान दिसला, तेव्हा तिला एकदम वाटलं की आपण सकाळपासून एकाही माणसाच्या समोर आलेलो नाही. आलो असतो तर कुणीतरी हसलं असतं.

केपु, तिचा नवरा, महामार्गाच्या कामावर दूर ताउपोला असायचा. एकाआड एक शुक्रवारी घरी यायचा आणि रविवारी चर्च झालं की परत जायचा. तिची नोकरी बंदरावरच्या पुलाच्या उत्तरेला होती म्हणून त्यांनी ग्लेनफील्डमध्ये घर घेतलं होतं, भाड्याचं, दोन खोल्यांचं. आता बाळंतपणाच्या रजेत नोकरी नव्हती आणि घर तेवढं राहिलं होतं. शेजारची बाई कचऱ्याचा डबा बाहेर काढताना हात हलवायची. लोसालिनीही हात हलवायची. आई, बहीण, चर्च, मासळीवाला, सगळं त्या पुलाच्या पलीकडे होतं, गाडीने चाळीस मिनिटांवर.

कालो ही मामाची पाचवी मुलगी. मामा-मामी तेव्हा ओताहुहूतच राहायचे, तीन रस्ते सोडून. लोसालिनीची आई ही मामाची थोरली बहीण, आणि थोरल्या बहिणीने भावाच्या घरात जाऊन काही मागितलं तर त्यांच्यात नाही म्हणत नाहीत. आई मानाच्या प्रसंगी बांधतात तशी कमरेला चटई बांधून गेली, मामाच्या समोर बसली आणि म्हणाली, ही मला दे. कालो तेव्हा सहा आठवड्यांची होती आणि लोसालिनी दहा वर्षांची. ती आपल्या घराच्या पायरीवर वाट बघत बसली होती. आईने गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "घे. तुझी बहीण. मान सांभाळ." दोन वर्षांनी मामाचं कुटुंब कामासाठी ब्रिस्बेनला गेलं. हे कुणी कुणापासून लपवलं नव्हतं. पण कुणी बोलतही नव्हतं. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

मधल्या वर्षांत कालोची मान धरायला, तिचे दात घासायला, तिला पाढे शिकवायला लोसालिनीच होती. स्वतः शिष्यवृत्तीवर शिकायला गेली तेव्हाही तीच शनिवारी कालोची वही तपासायची. ट्रस्टने लोसालिनीला मार्गदर्शक म्हणून फ्रान्सिस बाई दिल्या होत्या, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पंधरा दिवसांनी एकदा, एका चहाच्या दुकानात. बाई प्रेमळ होत्या. पेन्सिल घेऊन तिचे निबंध वाचायच्या आणि जिथे जिथे 'आम्ही' असेल तिथे रेघ मारायच्या. "आम्ही कोण? समितीला तू हवी आहेस. तू काय केलंस, तुला काय हवंय, ते सांग." पहिल्या वर्षी लोसालिनीला 'मी' लिहिताना सगळ्यांसमोर उठून आधी जेवायला बसल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या वर्षी सवय झाली. आणि या वर्षी तिने कालोच्या अर्जातले 'आम्ही' स्वतःच्या हाताने खोडले होते. कालोला ते फार समजवावं लागलं नव्हतं. ती पटकन शिकली.

शनिवारी ती सेइनीला घेऊन पूल ओलांडून गेली. आई चर्चच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलाभोवती दहा-बारा बायका झाडाच्या सालीचं कापड जोडत होत्या. उकडलेल्या कंदाची खळ, तपकिरी रंगाची भांडी, आणि सगळ्यांच्या वर मेलेनाइते मावशीचा आवाज.

"या, या, पुलापलीकडच्या मडम! व्हिसा मिळाला वाटतं आज?"

"मिळाला, मावशी. तुमच्या नावाने अर्ज केला म्हणून मिळाला."

"माझ्या नावाने? मग सहा महिने लागायला हवे होते." बायका खो खो हसल्या. "आण ती पोरगी इकडे. अगं बाई, हिच्या मांड्या कुठे गेल्या? काय घालतेस काय हिला खायला?"

"भोपळा."

"भोपळा! ऐकलंत का गं? पदवीधर बाईने पोरगी भोपळ्यावर ठेवली आहे."

सेइनी एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. रंगाने माखलेली बोटं, चष्म्याच्या दोऱ्या, उकळत्या खळीचं पातेलं. लोसालिनी प्रत्येकीशी हसून बोलत होती आणि डोळ्यांनी पोरीच्या मागे फिरत होती, पातेल्यापासून किती हात, कडेपासून किती हात. आईने ते पाहिलं. ती टेबलावरून उठली, हात धुतले, सेइनीला मागून घेतलं आणि मागच्या स्वयंपाकघरात गेली. लोसालिनी तिच्या पाठोपाठ.

तिथे मोठ्या किटलीजवळ उभं राहून तिने आईला सगळं सांगितलं.

आईने सेइनीच्या पाठीवर थापटत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईचं ऑफिस कुठे आहे?"

"कशाला?"

"मी जाते. ती बारीक विणीची चटई आहे ना, ती घेऊन जाते. तिच्यासमोर जमिनीवर बसते. कशी नाही म्हणते ते बघते."

"आई, त्यांना भेटवस्तू घेता येत नाही."

"भेट कोण देतंय? मी विनंती करते आहे."

"तसं चालत नाही तिथे. नियम आहे."

"चटई पुढे ठेवली नाही तर तिला कळणार कसं की आपल्याला किती हवंय?"

 किटली खदखदायला लागली. आईने हात लांबवून बटण बंद केलं.

"तू त्यांना पत्र लिहिलंस ना, बहीण म्हणून?"

"हो."

"मग आता खोटं लिहून देणार?"

"खोटं नाही गं आई. कागदोपत्री बघितलं तर..." ती थांबली. पण वाक्य तोंडातून गेलं होतं.

आईने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. नवीन आलेल्या शेजारणीकडे बघावं तसं, जरा निरखून. "खोटं नाही," ती म्हणाली. "बरं."

"आई, तिची चार वर्षं आहेत. डनीडनला राहणं, जेवणखाण, पुस्तकं, सगळं. ही शिष्यवृत्ती गेली तर ती कुठल्यातरी गोदामात खोकी भरत बसेल, आणि तू..."

"मी कुठे अडवते आहे? तुम्ही शिकलेल्या मुली. तिला विचार, तिला चालत असेल तर करा. फक्त मला वाचून दाखवू नका." मग तिने सेइनीच्या डोक्याचा वास घेतला आणि म्हणाली, "हिला दे खायला काहीतरी. खरंच वाळलीय."

कालोला विचारायचं कसं, हे लोसालिनीने हॉलपासून घरापर्यंतच्या पाच मिनिटांत तीन तऱ्हांनी जुळवून पाहिलं. कालो दारातच भेटली, नेटबॉलच्या कपड्यांत, तोंडात केळं.

"ताई, हेदरने मलाही लिहिलंय. मी छापून आणलंय." तिने दप्तरातून कागद काढून दाखवला. कोपऱ्याला केळ्याचा डाग पडला तो तिने बाहीने पुसला. "बुधवारी शाळा लवकर सुटते. पण इकडच्या वाचनालयात नको हं. तिथे सह्या घ्यायला बसतात ते काका आपल्या चर्चमधले आहेत. रविवारपर्यंत सगळ्या ओताहुहूला कळेल. मी तुझ्याकडे येते बसने."

"कालो, तुला... तुला हे चालेल ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं लिहून देणं."

कालोने केळ्याची साल चपळाईने डब्यात टाकली. "ताई, कागद आहे तो. तूच म्हणायचीस ना, त्यांना जे हवंय ते त्यांच्या भाषेत सांगायचं, आणि घरी येऊन आपल्या भाषेत बोलायचं?"

म्हणाली होती खरी. कधी, कशावरून, ते लोसालिनीला आठवेना.

बुधवारी समुद्राजवळच्या त्या वाचनालयात त्यांच्या पुढे चार माणसं होती. सगळे पालांगी, गोरे, हातात पारपत्रांच्या प्रती घेऊन शांत बसलेले. सेइनी लोसालिनीच्या मांडीवर झोपली होती. कालो गुडघ्यावर कागद ठेवून बसली होती आणि तिचा पाय हलत होता. लहानपणापासूनची सवय.

"ताई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांग."

"मी तिकडे बोलते. ब्रिस्बेनला. दोन वर्षं झाली. मामीशी, आणि मग त्या चौघींशी. मोठी आहे ना, ती परिचारिका आहे. मुलाखतीत काय विचारतील ते तिनेही सांगितलं मला." ती खालच्या आवाजात, भरभर बोलत होती. "आईला माहीत नाही. म्हणजे असेल, पण ती विचारत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

वाईट वाटलं नाही असं दाखवायला लोसालिनीने सेइनीचा पायमोजा वर ओढला. दुसराही ओढला.

"मामी म्हणाली, तुझ्यामुळे झालं ते," कालो म्हणाली. "तू एकटी होतीस ना. शाळेतून आलीस की रडायचीस, सगळ्यांना भावंडं आहेत, मलाच नाही. सारखं. म्हणून आईने मला मागितलं."

"मी रडायचे?"

"असं मामी म्हणते. तुला नाही आठवत?"

लोसालिनीला पायरी आठवत होती. गाठोडं आठवत होतं, त्याची ऊब, त्यातून बाहेर आलेली एक मूठ. त्याआधीचं काही आठवत नव्हतं. दहा वर्षांची ती मुलगी घरात एकटी काय करायची, कुणाशी बोलायची, हे तिने इतक्या वर्षांत कधी मनात आणलं नव्हतं, कारण कालोच्या आधी काही होतं असं तिला वाटतच नव्हतं.

"पुढचे," टेबलामागून हाक आली.

टेबलामागे पांढऱ्या मिशांचे एक आजोबा बसले होते. त्यांनी चष्मा बदलून कागद वाचला, ओळखपत्रं पाहिली, आणि दोघींकडे बघून हसले. "तुमच्यापैकी प्रत्येकीने मला हे वाक्य मोठ्याने सांगायचं, आणि मग सही. लहानग्या बाईंची सही नको." त्यांना हा विनोद आवडला होता. कालो हसली.

कालोने आधी सांगितलं. सरळ बसून, समोर बघून, एकेक शब्द सुटा. मुलाखतीची तयारी करताना लोसालिनीने तिला असंच बोलायला शिकवलं होतं, डोळे खाली घालायचे नाहीत, आवाज शेवटी पडू द्यायचा नाही. "मी गांभीर्याने सांगते की लोसालिनी ही जन्माने किंवा कायद्याने माझी बहीण नाही." तिने सही केली आणि पेन लोसालिनीच्या पुढे सरकवलं.

"आणि तुम्ही? हे खरं आहे असं सांगता ना?"

लोसालिनीने भुवया उंचावल्या.

आजोबा वाट बघत राहिले. तिने पुन्हा उंचावल्या. त्यांच्या घरात, वस्तीत, चर्चमध्ये, होकार असाच देतात. आजोबा काही त्यांच्या वस्तीतले नव्हते.

"बाई, तोंडाने सांगावं लागतं," ते हळूच म्हणाले.

कालोने टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला. घाई कर, अशा अर्थाने. मग लोसालिनीने सांगितलं. तिला वाटलं होतं, आवाज फुटणार नाही. पण चांगला मोठा फुटला, इतका की मागच्या रांगेतल्या माणसाने मान वर करून पाहिलं. सेइनी दचकून जागी झाली आणि रडायला लागली. तिला डाव्या हाताने खांद्यावर धरून हलवत हलवत लोसालिनीने उजव्याने सही केली.

बाहेर आल्यावर कालो म्हणाली, "भूक लागली. इथे चांगला मीट-पाय कुठे मिळतो?" त्यांनी कोपऱ्यावरच्या बेकरीतून खिमा भरलेले दोन मीट-पाय घेतले आणि बाकावर बसून खाल्ले. कालोने आपला संपवून ताईच्या मीट-पायचं खुसखुशीत कवच मागितलं, नेहमीसारखं. तिच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नव्हता. लोसालिनी चोरून चोरून बघत होती. पडला असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

कालोची बस गेल्यावर आईचा फोन आला.

"झालं?"

"झालं, आई."

"माझं नाव होतं का त्यात?"

"नाही. तुझं नाव कुठेच नव्हतं."

आईच्या मागे कुणीतरी लाकडावर काहीतरी ठोकत होतं. "बरं झालं," ती शेवटी म्हणाली. "जेवलीस का?"

नोव्हेंबरमध्ये पत्र आलं. कालोला मिळाली. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तिचं नाव घेतलं, मेलेनाइते मावशी मोठ्याने रडली आणि मग म्हणाली की चष्म्यात काहीतरी गेलंय. त्याच आठवड्यात हेदरचा फोन आला.

"मला एक सुचलंय," ती म्हणाली. "मार्गदर्शक सख्खा नातेवाईक असून चालत नाही, हे तुला माहीत आहे. पण आता तसा प्रश्न नाही. तूच कालोची मार्गदर्शक का होत नाहीस? पंधरा दिवसांनी एकदा, एक तास. व्हिडिओवर चालेल. काय बोललात त्याचा छोटा तक्ता भरायचा. तुझ्याइतकं चांगलं कोण करील?"

एक तास. पंधरा दिवसांनी. लोसालिनीने क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहिलं, हातात तक्ता, पडद्यावर कालो, सरळ बसलेली, समोर बघणारी. केपु नसताना तो तास किती भरलेला असेल, हेही तिने पाहिलं.

"नको, हेदर. तिला डॉक्टर व्हायचंय. तिला कुणीतरी डॉक्टर द्या."

कालोला एक डॉक्टरबाई मिळाली. "बरं झालं ना ताई?" ती फोनवर म्हणाली. "तू झाली असतीस तर आपण तासभर सेइनीचंच बोललो असतो."

फेब्रुवारीत सगळे विमानतळावर जमले. मामा-मामी ब्रिस्बेनहून आले होते. कालोच्या गळ्यात चॉकलेटच्या, चिप्सच्या आणि फुलांच्या इतक्या माळा पडल्या होत्या की तिची हनुवटी दिसत नव्हती. आईने तिला मिठीत घेतलं आणि सोडलं. मग मामीने घेतलं. मामी किडकिडीत बाई, आईच्या निम्मी. तिला रडताना आवाज येत नव्हता. फोटो काढायला कुणीतरी हवं होतं, म्हणून लोसालिनीने फोन घेतला आणि मागे मागे सरकत सगळ्यांना चौकटीत बसवलं.

"ताई!" कालो एकदम ओरडली. "माझा चार्जर! तुझ्या गाडीत राहिला."

"विमान सुटेल गं, तिकडे घे नवीन," मामा म्हणाला.

"मी आणते," लोसालिनी म्हणाली. सेइनी तिच्या कडेवर होती. सगळ्यात जवळ मामी उभी होती, तिच्या हातात तिने पोर दिली आणि धावली. सरकता जिना, रस्ता, पार्किंगचा तिसरा मजला. चार्जर मागच्या सीटखाली सेइनीच्या खुळखुळ्यात गुंतला होता. तो सोडवून ती परत धावत आली तेव्हा दाराशी फक्त तिची माणसं होती.

"शेवटची हाक झाली," आई म्हणाली. "गेली ती. तुला सांग म्हणाली..." आई आठवत राहिली. "काहीतरी म्हणाली. इतका गोंगाट होता."

मामी काचेपाशी उभी होती. सेइनी तिच्या छातीशी, माळेतलं चॉकलेट कागदासकट चोखत होती. मामीने तिचं डोकं हनुवटीखाली घेतलं होतं आणि ती एका पायावरून दुसऱ्या पायावर डुलत होती. ती कुठेही बघत नव्हती.

लोसालिनीचे हात पुढे गेले. ती धापा टाकत होती, तरी हात आधी पुढे गेले, दोन्ही, जरा जास्तच झपाट्याने.

मामीने लगेच पोर पुढे केली. "घे, घे बाई. मी नुसती धरली होती."

सेइनीला घेतल्यावरही लोसालिनी तिथून हलली नाही. मामीचे हात रिकामे झाल्यावरही थोडा वेळ तसेच अर्धवट वर राहिले होते. मग तिने ते पदर सावरावा तसे कमरेच्या चटईवर ठेवले.

"मामी," लोसालिनी म्हणाली, "आई कालोला मागायला आली, तेव्हा तू काय म्हणालीस?"

मामीने तिच्याकडे चमकून बघितलं. सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नसावं.

"मी? मला कुठे कुणी विचारलं. मी चहा केला." ती किंचित हसली. "तुझ्या आईने अर्धाच घेतला. तिला घाई होती, तू घरी वाट बघत होतीस. ती गेल्यावर तो उरलेला मी प्यायले."

"आणि मग?"

"मग काय. बाकीच्या चौघी शाळेतून आल्या."

काचेपलीकडे एक विमान हळूहळू मागे सरकत होतं. ते कालोचं होतं की दुसरं, दोघींनाही कळत नव्हतं. तरी दोघी बघत राहिल्या. मागून आई हाका मारत होती, चला गं, मामा गाडी घेऊन आलाय, चला. लोसालिनीने सेइनीला कडेवर नीट घेतलं, मोकळ्या हाताने मामीचं मनगट धरलं, आणि मामीने स्वतः सोडवून घेईपर्यंत ते सोडलं नाही.